वेळेच्या मर्यादेतील प्रसंगलेखन स्पर्धा : सूत्र हाती येण्यापूर्वी आणि आल्यानंतर

ठरलेल्या मुदतीत पटकथेचा एकच प्रसंग लिहून पाठवायच्या स्पर्धांची रीत साधारणपणे सारखीच असते. नोंदणी केलेल्या सर्वांना एकाच क्षणी एक सूत्र दिले जाते, पानांची कमाल मर्यादा आधीच जाहीर केलेली असते, आणि दीड-दोन तासांपासून काही दिवसांपर्यंतच्या मुदतीत पूर्ण प्रसंग पाठवायचा असतो. सूत्राचे स्वरूप मात्र बदलते. काही ठिकाणी एखादी परिस्थिती दोन-तीन वाक्यांत सांगितली जाते. ‘एनवायसी मिडनाइट’च्या पटकथा स्पर्धेसारख्या ठिकाणी स्पर्धकांचे गट पाडून प्रत्येक गटाला कथाप्रकार, विषय आणि एक पात्र असे तीन घटक नेमून दिले जातात, आणि पुढच्या फेऱ्यांमध्ये वेळ व पाने दोन्ही कमी होत जातात.

या स्पर्धांमध्ये मागे पडणाऱ्या लेखनाची भाषा बहुधा वाईट नसते. दोन तासांच्या चित्रपटाचा गोषवारा पाच पानांत कोंबलेला असतो, ही त्यातली खरी अडचण असते. प्रसंग म्हणजे कथेचा संक्षेप नव्हे. एका ठिकाणी, सलग चालणाऱ्या काळात, एका माणसाला दुसऱ्याकडून काहीतरी हवे असते, ते सहज मिळत नाही, आणि प्रसंग संपताना त्या दोघांमधले काहीतरी कायमचे बदललेले असते. इतकेच मागितलेले असते, आणि हे इतकेच पुरेसे कठीण आहे. असा प्रसंग शोधण्यासाठी लागणारा वेळ मोकळा राहावा, या एकाच हेतूने पुढची सगळी कामे आखावीत.

सूत्र येण्याआधी उरकायची कामे

नियमावली सूत्र हाती आल्यावर वाचू नये. ती आदल्या दिवशी, हातात पेन घेऊन, शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. मुखपृष्ठ पानांच्या मर्यादेत मोजले जाते का, फाइलवर लेखकाचे नाव चालते का, एक-दोन वाक्यांचा कथासार जोडायचा आहे का, एकदा पाठवलेली फाइल मुदतीत बदलता येते का, आणि लिहिलेल्या प्रसंगाचे हक्क कोणाकडे राहतात, या पाच गोष्टी वेगळ्या कागदावर उतरवून घ्याव्यात. हक्कांच्या कलमाकडे नवे लेखक सर्रास दुर्लक्ष करतात. ते कलम मोघम असेल तर नोंदणीचे शुल्क भरण्यापूर्वीच आयोजकांना लेखी विचारावे.

मुदतीची वेळ कोणत्या प्रदेशाच्या घड्याळाप्रमाणे आहे, हे पाहणेही तितकेच आवश्यक आहे. अमेरिकी ‘ईस्टर्न’ वेळेनुसार रात्री 11:59 ही मुदत असेल, तर उन्हाळी वेळ चालू असताना ती यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे दुसऱ्या दिवशी पहाटे 3:59 होते आणि हिवाळ्यात 4:59. तिथे मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ बदलते, त्यामुळे या दोन महिन्यांतल्या स्पर्धांसाठी वेळ विशेष काळजीने मोजावी. मोजलेली वेळ स्वतःच्या घड्याळाप्रमाणे लिहून भिंतीवर लावून ठेवावी. ऐन गडबडीत मनातल्या मनात केलेल्या हिशेबावर विसंबू नये.

इंग्रजी पटकथेच्या मांडणीचे संकेत पक्के आहेत. कुरिअर टंक 12 पॉइंट आकारात वापरला जातो, डावा समास दीड इंच आणि बाकीचे साधारण एक इंच ठेवले जातात, पानावर सुमारे 55 ओळी बसतात, आणि एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट असे गृहीत धरले जाते. देवनागरीत लिहिताना हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण वरखालच्या मात्रांमुळे ओळींमध्ये जास्त जागा सोडावी लागते आणि पानावर कमी ओळी मावतात. म्हणून देवनागरी लेखन स्वीकारणाऱ्या स्पर्धेत टंक, आकार आणि ओळींतील अंतर यांविषयीची सूचना आधीच मागून घ्यावी. साध्या मजकुरातून पटकथा तयार करणाऱ्या ‘फाउंटन’ या लेखनपद्धतीत पात्राचे नाव मोठ्या अक्षरांवरून ओळखले जाते. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्यामुळे ती ओळ पात्राचे नाव म्हणून ओळखली जात नाही आणि सगळी मांडणी विस्कटते. त्यावर उपाय असा की नावाच्या आधी @ हे चिन्ह टाकावे आणि प्रसंगशीर्षकाच्या ओळीची सुरुवात एका टिंबाने करावी. ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिणार त्यात दोन पानांचा कोणताही मजकूर आदल्या दिवशी टंकून, त्याची पीडीएफ काढून, ती दुसऱ्या उपकरणावर उघडून पाहावी. जोडाक्षरे फुटत असतील तर ते तेव्हाच कळलेले बरे.

सूत्र हाती आल्यावर

पहिल्या टप्प्यात एकही संवाद लिहू नये. मुदत 48 तासांची असेल तर पहिले पाच-सहा तास, आणि ती दीड तासाची असेल तर पहिली वीस मिनिटे, केवळ निवडीसाठी राखून ठेवावीत. परीक्षक एकाच सूत्रावरचे कित्येक प्रसंग ओळीने वाचत असतात, आणि जी कल्पना आपल्याला पहिल्या पाच मिनिटांत सुचली ती इतर अनेकांनाही सुचलेली असते, हे धरून चालावे. सुचलेल्या पहिल्या तीन-चार कल्पना कागदावर लिहून बाजूला ठेवाव्यात. त्या वाईट असतात म्हणून नव्हे, तर त्या लिहून काढल्याशिवाय मन त्यांच्यापलीकडे जात नाही म्हणून.

एक उदाहरण थोडे सविस्तर पाहू. समजा, सूत्र असे आहे : ‘एका पात्राला दुसऱ्याची वस्तू परत करायची आहे, पण ती आपल्याकडे कशी आली हे त्याला सांगता येत नाही.’ लगेच सुचते ते असे : पश्चात्ताप झालेला चोर, मोडलेल्या नात्यातली अंगठी, मृत मित्राची डायरी. या तिन्ही कल्पनांमध्ये वस्तू मौल्यवान आहे आणि तिचे मोल शब्दांत समजावून सांगावे लागते. आता प्रश्न उलटा विचारून पाहावा. कोणती वस्तू अशी आहे की जी नसताना समोरच्याशी बोलणेच बदलून जाते? श्रवणयंत्र. ते कोण लपवील? घरातलेच कोणीतरी, आपले बोलणे ऐकू जाऊ नये म्हणून. वंदना या सुनेने सासऱ्यांचे, म्हणजे नानांचे, श्रवणयंत्र लपवले होते, कारण त्यांना वृद्धाश्रमात ठेवण्याविषयीचे बोलणे त्या दिवशी घरात चालू होते. आज ती ते परत द्यायला आली आहे. इथे सूत्रातली वस्तू शोभेपुरती राहिलेली नाही. ती काढून घेतली तर प्रसंगच उरत नाही. नेमून दिलेल्या प्रत्येक घटकाला हीच कसोटी लावावी. एका फेरीत मला ‘शिडी’ ही वस्तू मिळाली होती आणि मी ती खोलीच्या कोपऱ्यात टेकवून ठेवली. शिडीऐवजी खुर्ची असती तरी काही बिघडले नसते, असा शेरा परीक्षकाने दिला. तो शेरा पूर्णपणे योग्य होता.

कल्पना ठरली की पुढे जाण्याआधी तीन वाक्ये लिहावीत : कोणाला काय हवे आहे, ते आत्ताच का हवे आहे, आणि शेवटच्या क्षणी काय वेगळे झालेले असेल. वंदनाला कोणतेही स्पष्टीकरण न देता यंत्र नानांच्या हाती द्यायचे आहे. नवरा थोड्याच वेळात घरी येईल आणि त्यानंतर ही संधी राहणार नाही. शेवटी नानांना सगळे ठाऊक होते हे तिला कळलेले असेल. यातले एखादे वाक्य लिहिताना अडखळायला होत असेल, तर कल्पना अजून पिकलेली नाही असे समजावे आणि तिथेच थांबून विचार करावा. संवाद लिहीत गेल्याने ते वाक्य आपोआप सापडत नाही, असा माझा अनुभव आहे.

पहिला मसुदा

पहिला मसुदा शक्यतो एका बैठकीत लिहावा आणि तो मर्यादेपेक्षा एखाद-दुसऱ्या पानाने वाढला तरी चालवून घ्यावे. प्रसंगाची सुरुवात जितकी उशिरा करता येईल तितकी करावी. वंदना जिना चढते, दार वाजवते, विचारपूस करते, हे सगळे गाळून यंत्राची डबी तिच्या मुठीत असतानाच प्रसंग उघडावा. वर्णनाच्या ओळी वर्तमानकाळात, तीन-चार ओळींपेक्षा मोठ्या नसलेल्या परिच्छेदांत लिहाव्यात, आणि पडद्यावर जे दिसेल किंवा ऐकू येईल तेवढेच त्यांत असावे. ‘नानांना त्या दिवसाची आठवण येते’ हे कॅमेऱ्याला टिपता येत नाही. ‘नाना डबीचे झाकण पुनःपुन्हा उघडतात आणि मिटतात’ हे टिपता येते. कॅमेरा कुठे ठेवायचा याच्या सूचना, आणि प्रत्येक संवादामागे कंसात लिहिलेले ‘रागाने’, ‘हळुवारपणे’ असे शब्द, हे दोन्ही टाळावे. वाक्य नीट जमले असेल तर त्यातला सूर वाचणाऱ्याला आपोआप लागतो.

संवादांविषयी सर्वांत अधिक सांगण्यासारखे आहे. माझ्या पहिल्या मसुद्यात वंदना असे म्हणाली असती :

‘नाना, मला माफ करा. त्या दिवशी आम्ही तुम्हाला वृद्धाश्रमात ठेवण्याबद्दल बोलत होतो, म्हणून मी तुमचं यंत्र लपवलं होतं.’

यातून माहिती सगळी मिळते, पण प्रसंग जागीच संपतो, कारण झाकण्यासारखे काही उरत नाही. दुसऱ्या मसुद्यात तिने तीच गोष्ट लपवण्याचा प्रयत्न करावा :

वंदना : हे घ्या नाना. सोफ्याखाली सापडलं.

नाना : सोफ्याखाली मी काल पाहिलं होतं.

वंदना : अगदी भिंतीकडेला गेलं होतं.

नाना : काल सोफा सरकवून पाहिलं.

वृद्धाश्रम हा शब्द इथे आलेलाच नाही, तरी खोटे पकडले गेले आहे आणि दोघांनाही ते माहीत आहे. (यंत्र कानात नसताना नाना हे ऐकतात कसे, हा प्रश्न चोखंदळ परीक्षक विचारणारच, म्हणून वंदना त्यांच्या समोर बसून सावकाश बोलते आणि ते तिच्या ओठांकडे पाहत असतात, हे वर्णनाच्या ओळीत आधीच येऊन गेलेले असावे.) शेवटासाठी नानांच्या तोंडी मोठे भाषण देण्याचा मोह होतो. त्याऐवजी नाना यंत्र हातात घेतात, नखाने त्याची बॅटरी काढून वंदनाच्या तळहातावर ठेवतात, रिकामे यंत्र कानात बसवतात आणि खिडकीकडे तोंड करतात. तेवढ्यात दारात किल्ली फिरल्याचा आवाज येतो. तो फक्त वंदनालाच ऐकू येतो.

कापणे

मसुदा झाल्यावर झोपायला वेळ असेल तर झोपावे. मुदत काही तासांचीच असेल तर दहा मिनिटे का होईना, उठून बाहेर फिरून यावे. त्यानंतर संपूर्ण प्रसंग मोठ्याने वाचावा, आणि शक्य असल्यास दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावा. जिथे वाचणाऱ्याची जीभ अडखळते ती वाक्ये बदलावीत. जिथे दोन पात्रांचे संवाद अदलाबदल करूनही काही फरक पडत नाही, तिथे त्या पात्रांना स्वतःची बोली सापडलेली नाही असे समजावे. कापताना सर्वांत आधी पहिले पाऊण पान आणि शेवटच्या तीन-चार ओळी तपासाव्यात, कारण पहिल्यात लेखक स्वतःला प्रसंग समजावून सांगत असतो आणि शेवटच्यात वाचकाला. मर्यादा पाच पानांची असेल आणि प्रसंग साडेतीन पानांत पुरा होत असेल, तर तो साडेतीन पानांचाच पाठवावा. समास अरुंद करून किंवा टंक लहान करून जास्तीचा मजकूर मर्यादेत बसवू नये. रोज पटकथा वाचणाऱ्याला ते पहिल्याच पानावर दिसते.

कथाप्रकार नेमून दिला असेल तर या टप्प्यावर तोही पुन्हा तपासावा. वरचा प्रसंग कौटुंबिक नाट्य म्हणून उभा राहतो. तोच थरारपट म्हणून लिहायचा असता तर नवऱ्याच्या येण्याची चाहूल पहिल्या पानापासून ऐकू यायला हवी होती, आणि विनोदी म्हणून लिहायचा असता तर वंदनाची थाप प्रत्येक वाक्यागणिक अधिकाधिक वाढत जायला हवी होती.

पाठवणी

फाइल पाठवण्यासाठी मुदतीच्या किमान दोन तास आधीची वेळ स्वतःपुरती शेवटची मानावी. दीड तासाच्या फेरीत निदान पाच मिनिटे तरी राखावीत. नाव लिहायला मनाई असेल तर ते केवळ मुखपृष्ठावरून काढून भागत नाही. पीडीएफच्या गुणधर्मांत ‘लेखक’ या रकान्यात संगणकावरील नाव अनेकदा आपोआप नोंदले जाते, म्हणून तो रकाना उघडून रिकामा करावा, आणि फाइलचे नावही नियमावलीत सांगितल्याप्रमाणेच ठेवावे. फाइल चढवल्यावर ती तिथूनच परत उतरवून पहिले आणि शेवटचे पान डोळ्यांनी पाहावे, पोच मिळाल्याचा ईमेल जपून ठेवावा, आणि नियम परवानगी देत असतील तरीही, केवळ एखादा शब्द बदलण्यासाठी शेवटच्या मिनिटांत नवी फाइल चढवू नये.

निकालासोबत परीक्षकांचे शेरे येत असतील तर ते त्याच दिवशी एकदा आणि आठवड्याने पुन्हा वाचावेत. दोन परीक्षकांनी एकाच जागेवर बोट ठेवले असेल तर तिथे दोष आहे असे धरावे. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र आपल्याला पटला तरच घ्यावा. पुढच्या फेरीत निवड झाली असेल तर सूत्र येण्यापूर्वी हे शेरे आणि निवडीच्या वेळी बाजूला ठेवलेल्या कल्पनांचा कागद पुन्हा एकदा समोर घ्यावा, आणि नियमावलीही नव्याने वाचावी, कारण पानांची मर्यादा आणि मुदत या वेळी वेगळी असू शकते.