सायबर सिक्युरिटीत जायचंय? आधी एक पोर्ट वाचायला शिका

कॉलेजात असताना सायबर सिक्युरिटीची तयारी कशी करायची, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: काली लिनक्स (सुरक्षा तपासण्याची टूल्स आधीच घातलेलं लिनक्स) टाका आणि टूल्स शिका. या सल्ल्यावर मी सहा महिने घालवले. एनमॅप हे पोर्ट (मशीनवरच्या एकेका सेवेचं क्रमांक दिलेलं दार) तपासणारं टूल चालवायचं, ओपन पोर्टची यादी आली की खूश व्हायचं. मग इंटर्नशिपच्या मुलाखतीत प्रश्न आला, "पोर्ट क्लोज्ड आहे की फिल्टर्ड, हे एनमॅपला कळतं कसं?" मला सांगता आलं नाही. ते शब्द रोज डोळ्यांसमोर होते, पण ते कशावरून ठरतात हे मी एकदाही तपासलं नव्हतं.

१. लिनक्स

ओव्हरदवायर या संकेतस्थळावरचा, लिनक्सच्या कमांड शिकवणारा 'बँडिट' हा खेळ पूर्ण करा. मोफत आहे. उत्तरं आयती उचलू नका, एवढंच.

२. लॅब

व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातच आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) दोन मशीन: एक काली, दुसरं साधं लिनक्स सर्व्हर, त्यावर एसएसएच (दुरून लॉगिन करायची सेवा) सुरू. लागतील ते पॅकेज आधी उतरवून घ्या आणि मगच दोन्ही मशीन होस्ट-ओन्ली नेटवर्कवर (फक्त तुमच्या संगणकापुरत्या बंद नेटवर्कवर) न्या, कारण त्यानंतर आत इंटरनेट नसेल. स्नॅपशॉट घ्या, म्हणजे काही बिघडलं तर याच स्थितीत परत येता येईल.

स्कॅन फक्त याच मशीनवर. दुसऱ्याच्या नेटवर्कवर, कॉलेजच्या वायफायवरसुद्धा, लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नाही. "नुसतं बघत होतो" हे स्पष्टीकरण कुणी ऐकून घेत नाही.

३. पॅकेट वाचणं

इथे घाई केलीत तर पुढचं सगळं पाठांतर होतं. माझं नेमकं तेच झालं होतं. मी वायरशार्क (नेटवर्कवरून जाणारी पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, दाखवणारं टूल) उघडायचो, हजारो रंगीत ओळी धावायला लागायच्या आणि मी ते बंद करायचो. चूक वायरशार्कची नव्हती. मी ब्राउझर चालू ठेवून सगळ्या नेटवर्कचा गलका एकदम ऐकायला बसलो होतो. "रोज तासभर ट्रॅफिक बघत जा, आपोआप समजेल" असं सांगणारे भेटतील. आपोआप काही समजत नाही. एका वेळी एकच प्रश्न घ्यायचा.

पद्धत अशी. कालीवर वायरशार्क सुरू करा आणि एनमॅप रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवून त्याला सर्व्हरचा फक्त २२ नंबरचा, म्हणजे एसएसएचचा, पोर्ट तपासायला सांगा. पण एंटर दाबायच्या आधी कागदावर लिहा: कोण कोणाला कोणतं पॅकेट पाठवेल, कोणत्या क्रमाने. अंदाज चुकला तरी चालेल, पण तो लिहिलेला हवा. नुसता मनात धरलेला अंदाज उत्तर दिसलं की गुपचूप बदलतो आणि आपल्याला वाटतं, हे तर मला माहीतच होतं.

आता बघा. मशीन एकाच नेटवर्कवर आहेत, म्हणून सगळ्यात आधी एआरपी दिसेल: या आयपीचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा पत्ता) कोणाकडे आहे? मग कालीकडून सिन (कनेक्शनची विनंती). सर्व्हरकडून सिन-ॲक (होकार). आणि तिसरं पॅकेट पुन्हा कालीकडून, पण ते ॲक (पोच) नसून आरएसटी (कनेक्शन तोडणारं पॅकेट) असतं. पुस्तकातल्या थ्री-वे हँडशेकमध्ये (कनेक्शन जुळवणाऱ्या तीन पॅकेटांच्या क्रमात) तिथे ॲक असतो, मग इथे आरएसटी का? रूट म्हणून चालवलं की एनमॅप सिन पॅकेट स्वतः घडवून पाठवतं, कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) न विचारता. उत्तर आल्यावर कर्नल म्हणतं, असं कनेक्शन मी उघडलेलंच नाही, आणि ते तोडून टाकतं. मला हे उमगलं तेव्हा सहा महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी शिकल्यासारखं वाटलं.

हाच स्कॅन एनमॅपला -sT हा पर्याय देऊन करा. आता कनेक्शन कर्नलमार्फत उघडलं जातं, त्यामुळे ॲक येतो, हँडशेक पूर्ण होतो आणि मगच ते तुटतं. दोन्ही वेळी सर्व्हरवरचा एसएसएचचा लॉग उघडून बघा. अर्धवट हँडशेक एसएसएचच्या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचतच नाही. पूर्ण झालेला पोहोचतो आणि त्याची नोंद उमटू शकते. संरक्षणाच्या बाजूने काम करणाऱ्याला हा फरक कळलाच पाहिजे.

मग एसएसएच बंद करून पहिला, रूट म्हणून केलेला स्कॅन पुन्हा (-sT शिवाय). सिनला थेट आरएसटी येईल, म्हणजे क्लोज्ड: मशीन जागं आहे, पण त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नाही. एसएसएच पुन्हा सुरू करा आणि सर्व्हरच्या फायरवॉलला (पॅकेट अडवणाऱ्या यंत्रणेला) २२ वर येणारी पॅकेट नुसती टाकून द्यायला सांगा. सिन जाईल, उत्तर नाही. पुन्हा एकदा सिन जाईल, तरी उत्तर नाही. हा फिल्टर्ड. शेवटी फायरवॉलला पॅकेट नाकारून आयसीएमपीचा (नेटवर्कवरच्या अडचणी कळवणाऱ्या प्रोटोकॉलचा) 'पोर्ट अनरीचेबल' निरोप पाठवायला लावा. उत्तर येऊनसुद्धा एनमॅप फिल्टर्डच म्हणेल. का, ते स्वतः शोधा, एव्हाना जमेल.

एका पोर्टवर आठवडा गेला तरी चालेल. मित्र तोवर दहा टूल्सची नावं सांगतील, सांगू देत. मग याच पद्धतीने डीएनएस (नावावरून आयपी शोधणं), नंतर टीएलएसचं (कनेक्शन एन्क्रिप्ट करणाऱ्या प्रोटोकॉलचं) हँडशेक.

४. वेब

पोर्टस्विगर कंपनीची वेब सिक्युरिटी ॲकॅडमी, वेबसाइटमधल्या त्रुटी शिकवणारी. मोफत आहे आणि सरावासाठी प्रत्यक्ष लॅब आहेत. सुरुवात ॲक्सेस कंट्रोलपासून (कोणाला काय बघता-करता येतं याच्या नियमांपासून) करा, कारण तिथे टूलपेक्षा डोकं चालवावं लागतं.

५. नोंदी

प्रत्येक प्रयोगाचं एक पान: अंदाज काय होता, दिसलं काय, फरक का पडला. चुकलेले अंदाज खोडू नका. सर्टिफिकेट घ्यायचं तर जरूर घ्या, पण ही पानं तयार झाल्यानंतर. पुढच्या मुलाखतीला मी अशी पानं घेऊन गेलो. समोरच्या बाईंनी नेमकं आरएसटीचं पान उघडलं आणि म्हणाल्या, "इथे ॲक का लिहिला होतात, तिथून सांगा." पुढची वीस मिनिटं आम्ही त्याच पानावर बोलत होतो.