कोचचा मेल आला म्हणजे ॲडमिशन झाली असं नसतं! अमेरिकेची स्वप्नं बघणाऱ्या स्विमर्सच्या पालकांनो, या चुका टाळा

मुलगी पोहायची म्हणून मी या भानगडीत पडलो, ती तिकडे जाऊन चार वर्षं झाली तरी पुण्यातल्या पालकांचे फोन काही थांबत नाहीत. प्रश्न तेच, चुकाही त्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तिकडच्या कॉलेजच्या कोचचा मेल आला की पेढे वाटणं. "तुझ्यात इंटरेस्ट आहे, फॉर्म भर" असले मेल कोच ढिगाने पाठवतात. ओळखीतल्या एका पोराचं मार्चपासून एका नामांकित कॉलेजच्या कोचशी बोलणं चालू होतं, वडील सोसायटीभर सांगत फिरत होते. सप्टेंबरमध्ये मी सहज विचारलं, प्री-रीड झालं का? तर म्हणे, ते काय असतं? माझ्या पोटात गोळाच आला. अहो, अकरावी संपली की कोच तुमचे मार्क आणि सॅटचा (तिकडच्या प्रवेश परीक्षेचा) स्कोर ॲडमिशन ऑफिसला दाखवून विचारतो, हा पोरगा चालेल का, ते म्हणजे प्री-रीड. ते झालं नसेल तर तुम्ही त्याच्या लिस्टवर नाहीच, आणि लिस्टवर जागा मोजक्या. मी पोराला म्हटलं, तू स्वतः सरळ विचार, ॲडमिशनला माझं नाव देणार आहात का? दोन दिवसांत उत्तर आलं, यंदाची लिस्ट जुलैतच भरली, शुभेच्छा. 1 नोव्हेंबरची अर्ली डेडलाइन (लवकर अर्ज करायची शेवटची तारीख) तोंडावर, आणि बाप कोचला शिव्या घालतोय. कोच खोटं काहीच बोलला नव्हता, यांनीच विचारलं नव्हतं!

हार्वर्डच्या ॲडमिशनवरच्या खटल्यात 2018 मध्ये आकडा बाहेर आला होता की तिथे रिक्रूट केलेल्या, म्हणजे कोचने लिस्टवर घेतलेल्या, खेळाडूंपैकी 86 टक्के लोकांना ॲडमिशन मिळते. तो आकडा मला दर महिन्याला कोणीतरी फॉरवर्ड करतं. ते लोक आधीच या चाळणीतून आलेले असतात हो. फॉर्ममध्ये छंद म्हणून स्विमिंग लिहिणारा त्यात मोजला जात नाही. एमआयटीत तर कोचच्या हातात राखीव जागाच नाहीत, तो फक्त शब्द टाकतो.

दुसरं माझं लाडकं दुखणं, "नववीला कोण विचारतं". तिकडे नववी ते बारावी चारही वर्षं बघतात. डिव्हिजन वनला, म्हणजे तिकडच्या कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटाला, तर या चार वर्षांतले 16 कोअर कोर्स लागतात (इंग्रजी, मॅथ्स, सायन्स असे, एका विषयाचं एक वर्ष म्हणजे एक). आम्हीच नॅशनल्सच्या नादात नववीला मॅथ्सकडे दुर्लक्ष केलं, 58 पडले, आणि पुढे प्रत्येक कोचला त्या 58 चा खुलासा देत बसलो.

टायमिंग लिहिताना कुठल्या पुलातलं ते लिहा. आपली पोरं 50 मीटरच्या पुलात पोहतात, तिकडच्या कॉलेजच्या मीट 25 यार्डांच्या पुलात. 100 यार्ड म्हणजे 91.44 मीटर, वर टर्न जास्त, त्यामुळे नुसतं 1:02 लिहिलं तर कोच यार्ड समजून मेल बंद करतो. मी वहीत तारीख, मीटचं नाव, पूल आणि टाइम लिहायचो, कन्व्हर्जन कधीच केलं नाही, ते कोचचं काम.

बाकीचं पटापट. मुलाच्या नावाने बापाने मेल लिहू नये, व्हिडिओ कॉलवर सगळं उघडं पडतं. जिल्हा, राज्य सर्टिफिकेटांची फाइल स्कॅन करून पाठवू नका, तिकडे आपल्यासारखा कोटा नाही आणि दहावीचे ग्रेस मार्कही नाहीत. आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येल वगैरे आठ नामांकित कॉलेजांचा गट) खेळाची स्कॉलरशिप मिळत नाही, मदत घरची ऐपत बघून मिळते. आणि "गॅरंटी" देणाऱ्या एजंटपासून लांब राहा, 2019 मध्ये अमेरिकेत खोटे खेळाडू घुसवायचं प्रकरण उघड झालं, त्यात पालक जेलमध्ये गेलेत.

घाई तर विचारू नका. दहावीनंतरच्या 15 जूनआधी डिव्हिजन वनच्या कोचला स्विमरच्या मेलला रिक्रूटिंगचं उत्तर देताच येत नाही, नियमच आहे तसा. तरी परवा सातवीतल्या एका मुलीच्या आईचा फोन, "सर, कोच रिप्लायच देत नाही हो." मी विचारलं, तिचं 100 मीटर फ्रीस्टाइलचं टायमिंग किती आहे? "थांबा हं, तिच्या सरांना विचारून सांगते."