उत्प्रेरक डीएनएने रोगकारक जनुकाचा संदेश कसा तोडावा

जनुक निष्क्रिय करण्यावर प्रकल्प करू इच्छिणाऱ्या वाशी-नेरूळ परिसरातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मी ‘१०-२३’ या डीएनएझाइमपासून, म्हणजे विकरासारखे काम करणाऱ्या उत्प्रेरक डीएनएपासून, सुरुवात करायला सांगतो, कारण सँटोरो आणि जॉइस यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला हा रेणू वहीच्या पानावर पेन्सिलीने आखता येतो. तो मूळ जनुकाला हात लावत नाही. जनुकावरून निघालेला संदेशवाहक आरएनए तोडतो.

प्रथम संदेशात प्युरिनला (ए किंवा जी या अक्षराला) लागून पुढे पिरिमिडिन (सी किंवा यू) येणारी जागा शोधावी; तोड या दोहोंमध्ये होते. ए-यू आणि जी-यू या जोड्या सर्वांत सोयीच्या. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात दोन जनुके जोडली जाऊन बीसीआर-एबीएल हा संदेश बनतो, तेव्हा रेणूचे बाहू (संदेशाला चिकटणारी त्याची दोन टोके) त्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना टेकतील अशी जागा घेतल्यास निरोगी पेशींतील मूळ संदेश बचावण्याची शक्यता वाढते. आरएनए स्वतःवरच दुमडलेला असल्याने घडीत मोकळ्या राहणाऱ्या तीन-चार जागा हाताशी असाव्यात.

मधला गाभा पंधरा अक्षरांचा आणि ठरलेला आहे: जी-जी-सी-टी-ए-जी-सी-टी-ए-सी-ए-ए-सी-जी-ए. त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण सात ते दहा अक्षरांचे पूरक बाहू जोडावेत. प्युरिन मात्र जोडीविना मोकळा सोडायचा असतो. साखळीच्या दोन टोकांना ५ प्राइम आणि ३ प्राइम म्हणतात; ५ प्राइमकडील बाहू पिरिमिडिनपासून पुढच्या भागाला आणि ३ प्राइमकडील बाहू प्युरिनच्या आधीच्या भागाला पूरक ठेवावा. वह्यांमधल्या बहुतेक चुका मला इथेच सापडतात. बाहू फार लांबवले, तर तुटलेले तुकडे सुटत नाहीत आणि रेणू पुढच्या संदेशाकडे वळत नाही.

चाचणी परीक्षानळीत, ३७ अंश सेल्सिअसला, मॅग्नेशियमयुक्त द्रावणात घ्यावी व तुकडे त्यांना लांबीनुसार वेगळे करणाऱ्या युरिया-अ‍ॅक्रिलामाइड जेलवर पाहावेत. (खाडीकाठच्या मे महिन्यात घामेजलेल्या हातांवरचे आरनेझ हे आरएनए तोडणारे विकर नमुन्यातला आरएनए आधीच फस्त करू शकते, हातमोजे वारंवार बदलावेत.) दहा मिलिमोलर मॅग्नेशियममध्ये उमटलेल्या ठसठशीत पट्ट्यांवर भाळू नये. पेशीत मुक्त मॅग्नेशियम जेमतेम एक मिलिमोलर किंवा त्याहूनही कमी असते, म्हणून त्याच पातळीवर प्रयोग पुन्हा करावा.

पेशींत सोडायच्या रेणूच्या ३ प्राइम टोकाला उलटा थायमिडिन (उलट दिशेने जोडलेले टी अक्षर) लावून घ्यावा, अन्यथा न्यूक्लिएझ ही डीएनए-आरएनए तोडणारी विकरे त्याला लवकर कुरतडतात. त्याच्यासोबत, बाहू तेच पण गाभ्यातील कळीचे अक्षर बदललेला निष्क्रिय जोडीदारही मागवावाच. कारण बाहू नुसते चिकटले तरी पेशीतील आरनेझ-एच हे डीएनएशी जोडलेला आरएनए तोडणारे विकर संदेश तोडू शकते. निष्क्रिय रेणूनेही प्रथिन तितकेच घटले, तर प्रबंधाच्या शीर्षकातला ‘उत्प्रेरक’ हा शब्द खोडावा लागतो.