रेडिओ घड्याळाला पुन्हा संकेत मिळाला

माझे रेडिओ-नियंत्रित मनगटी घड्याळ आठवडाभर संकेत पकडत नव्हते आणि चार सेकंद पुढे गेले होते. जर्मनीतील माइनफ्लिंगेन येथील वेळेचा रेडिओ संकेत पाठवणारे डीसीएफ७७ केंद्र ७७.५ किलोहर्ट्झच्या लहरीची तीव्रता दर सेकंदाच्या आरंभी ०.१ किंवा ०.२ सेकंद घटवते आणि या लहानमोठ्या खंडांतूनच घड्याळ वेळ व तारीख वाचते. मिनिटाच्या शेवटच्या सेकंदाला मात्र खंड पडत नाही, हीच नव्या मिनिटाची सुंदर चाहूल. एवढे वाचायला निदान एक मिनिट स्वच्छ संकेत हवा, आणि मी तर घड्याळ रात्री लॅपटॉपच्या चार्जरला खेटून ठेवत होतो. चार्जरचा विद्युत गोंगाट टाळण्यासाठी ते खिडकीच्या लाकडी फळीवर, अँटेना असलेली बाराच्या अंकाची बाजू बाहेर करून ठेवले. पहाटे संकेत मिळाल्याची खूण पडद्यावर उमटलेली होती.