घोडा उधळला तर नुसता लगाम ओढत बसू नका

माळेगावच्या यात्रेतून पोरं हौसेनं घोडा आणतात, आठ दिवसात रपेट सुरू, आणि एक दिवस ट्रॅक्टर फाटफाट करत बाजूनं गेला की घोडा बुजतो नि चौखूर उधळतो. माझा उधळला तेव्हा मी जीव खाऊन दोन्ही हातानं लगाम ओढत राहिलो आणि तो अजूनच जोरात पळाला, कारण सलग ओढलं की घोडा कडियाळावर, म्हणजे तोंडातल्या लोखंडी दांडीवर, भार टाकून मान ताणतो, साडेतीनशे किलोच्या जनावराशी ओढाताणीत आपण कधीच जिंकत नाही.

आधी मांड सांभाळा. पुढं वाकू नका. खोगिरात दाबून बसा, टाचा खाली, रिकिबीत फक्त चवडा ठेवा, पाय आत घुसला आणि पडलात तर फरफटत नेईल. भीतीनं आपल्या टाचा त्याच्या बरगड्यात रुततात आणि आपणच त्याला पळवतो, त्यामुळं पोटऱ्या ढिल्या ठेवा, आणि ओरडू तर बिलकुल नका.

आता लगाम आखूड धरा. डाव्या हाताची मूठ आयाळीपाशी मानेवर घट्ट रोवा, ती हलू द्यायची नाही, उजव्या हातानं दुसरी बाजू वर आणि मागं जोरात ओढा अन् लगेच सोडा. परत ओढा, परत सोडा. सोडलं की त्याला टेकायला काही उरत नाही, सगळा खेळ त्या सोडण्यात आहे, आणि रोवलेल्या मुठीमुळं मान एकदम वळत नाही.

मोकळं रान असेल तर मोठ्या गोलात घ्या, गोल हळूहळू लहान करा. भरधाव घोड्याची मान एकदम फिरवली तर तो तुमच्यासकट पडतो, डांबरी रस्त्यावर तर नाल सरकतेच. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा असतात, आणि कित्येक विहिरींना कठडा नसतो, म्हणून रोजच्या वाटेचं रान आधी पायी फिरून बघा लय गरजेचंय ते. चढ दिसला तर तिकडं घ्या. सोबतच्यांनी मागं घोडे पळवू नयेत, त्याला शर्यतच वाटते.

हे आधी चालत्या घोड्यावर रोज पाच-दहा मिनिटं करा, दोन्ही बाजूंनी. हेल्मेट घालूनच.

थांबला की उतरा, तंग म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा सोडा, पाठ बघा. माझ्या घोड्याच्या खोगिराखालच्या घोंगडीत दोन सराटे निघाले होते.