अंगावरच्या सेन्सरचं घड्याळ: वेळ अचूक ठेवा, बॅटरीही वाचवा

वेळ अचूक हवी तर बॅटरी लवकर संपणार, असा सर्रास समज आहे. ब्लूटूथ लो एनर्जीवर (कमी विजेच्या ब्लूटूथवर) चालणाऱ्या सेन्सरमध्ये बहुतेक वेळा उलटं घडतं. घड्याळ ढिसाळ असलं की रेडिओला लवकर उठून पॅकेटची वाट बघत बसावं लागतं, आणि बॅटरी तिथेच जाते.

हिशोब मांडून बघा. दोन कनेक्शन इव्हेंटमध्ये (फोन आणि सेन्सरच्या ठरलेल्या भेटींमध्ये) १ सेकंद अंतर आहे आणि फोनच्या घड्याळाची मर्यादा ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग चूक) आहे असं धरू. आपल्याकडे चिपमधला ५०० पीपीएमचा आरसी ऑसिलेटर (रेझिस्टर-कपॅसिटरवर ठोके देणारं सर्किट) असेल तर रिसीव्हर ५५० मायक्रोसेकंद आधी उघडावा लागतो. २० पीपीएमच्या क्वार्ट्झ क्रिस्टलला ७० पुरतात. (वरचे ठरावीक १६ मायक्रोसेकंद दोन्हीकडे सारखेच.) रिसीव्हर ५ मिलिअँप घेत असेल तर हा ४८० मायक्रोसेकंदांचा फरक म्हणजे सरासरी २.४ मायक्रोअँप, वर्षाला सुमारे २१ मिलिअँप-तास. सीआर२०३२ या नाण्यासारख्या सेलमध्ये एकूण २२० च्या आसपास असतात, म्हणजे जवळपास दहावा हिस्सा गेला. ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल ऑसिलेटर स्वतः मायक्रोअँपचा काही अंशच घेतो. त्यात आरसीला दर काही सेकंदांनी कॅलिब्रेट करायचं तर मुख्य क्रिस्टल चालू करावा लागतो, तो खर्च वेगळा. बोर्डावर जागाच नसेल तर आरसी वापरा. बॅटरी वाचवायला म्हणून नको.

फर्मवेअरमध्ये (चिपमधल्या प्रोग्राममध्ये) घड्याळाची अचूकता जाहीर करताना खरा आकडा द्या. २० लिहिलं आणि प्रत्यक्षात ८० असेल, तर टेबलावर सगळं ठीक चालतं आणि थंडीत कनेक्शन तुटत राहतं.

क्रिस्टलवर लिहिलेले २० पीपीएम २५ अंश सेल्सिअसचे असतात. त्यापासून तापमान जितकं दूर, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घड्याळ मागे पडतं: सुमारे ०.०३५ पीपीएम गुणिले फरकाचा वर्ग. मनगटावर ३२ अंश असेल तर जेमतेम १.७ पीपीएम, पट्टा काढून ५ अंशांत ठेवला तर १४ पीपीएम, म्हणजे दिवसाला १.२ सेकंद. तेवढंही चालणार नसेल तर तापमान-भरपाई असलेली आरटीसी (फक्त वेळ सांभाळणारी) चिप घ्या. ±३ पीपीएमच्या आसपासच्या अशा चिप आता पाव मायक्रोअँपच्या आत चालतात.

लोड कपॅसिटरमध्ये (क्रिस्टलच्या दोन पायांना जोडलेल्या छोट्या कपॅसिटरमध्ये) चूक झाली तर महाग क्रिस्टलही वाया जातो. क्रिस्टल ७ पिकोफॅरडचा असेल तर प्रत्येक पायावर एकूण १४ हवेत. पिन आणि ट्रॅकचे मिळून ४ आधीच असतील तर कपॅसिटर १० चा. कमी लोडचा क्रिस्टल वीज कमी खातो, पण एखाद्या पिकोफॅरडनेही त्याची फ्रिक्वेन्सी जास्त हलते. ट्रॅक आखूड ठेवा, खालून डिजिटल सिग्नल नेऊ नका, आणि सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्स (सोल्डरसोबतचा चिकट पदार्थ) आयसोप्रोपिल अल्कोहोलने नीट पुसा. फ्लक्स आणि घाम मिळून दोन पायांमध्ये गळती तयार होते. मग ऑसिलेटर कधी उशिरा सुरू होतो, कधी होतच नाही. सुरू व्हायला एरवीही शेकडो मिलिसेकंद लागतात, म्हणून झोपताना हा क्रिस्टल बंद करू नका.

झोपेत फक्त या मंद घड्याळाचा टायमर चालू द्या. एखादा टायमर मेगाहर्ट्झच्या घड्याळावर विसरून राहिला की झोपेचा करंट शेकडो मायक्रोअँपवर जातो. आरटीओएसचा (चिपवरच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमचा) टिक, म्हणजे नियमित ठोका, १००० हर्ट्झ ठेवू नका: ३२७६८ ला १००० ने पूर्ण भाग जात नाही, आणि ३२ काउंटला १ मिलिसेकंद धरलं तर वेळ २.४ टक्के पुढे पळते. १०२४ हर्ट्झ घ्या आणि टिकलेस आयडल (काम नसताना ठोके बंद) चालू करा. या घड्याळावर चालणारा २४ बिटांचा काउंटर दर ५१२ सेकंदांनी शून्यावर येतो. वरचे बिट सॉफ्टवेअरमध्ये सांभाळा आणि वाचताना वरचा भाग, खालचा भाग, पुन्हा वरचा भाग असं वाचा. दोन्ही वरचे भाग जुळले नाहीत तर परत वाचा.

अॅक्सिलरोमीटरच्या (हालचाल मोजणाऱ्या सेन्सरच्या) ५० हर्ट्झवर विसंबू नका. त्याचा आतला ऑसिलेटर काही टक्क्यांनीही चुकू शकतो. प्रत्येक नमुन्याला प्रोसेसर उठवण्यापेक्षा फिफोमध्ये (सेन्सरमधल्या रांगेत) ३२ नमुने साठू द्या. तेवढे भरल्याचा इशारा, म्हणजे वॉटरमार्क इंटरप्ट, येताच काउंटरची नोंद करा आणि मागच्या नोंदीपासूनच्या अंतराला ३२ ने भागा. खरा नमुना-काळ हा.

नमुन्यांबरोबर कच्चे काउंट साठवा, तारीख-वेळ नव्हे. फोन जोडला की काउंट आणि फोनची वेळ अशी जोडी नोंदवा. दुरुस्ती नंतर फोनवर करा. घड्याळ मागे सारलं की नोंदींचा क्रम बिघडतो, आणि तो नंतर सरळ करता येत नाही. २४ तासांत १.३ सेकंद फरक पडला तर तो १५ पीपीएम. इथे अंतर महत्त्वाचं. ब्लूटूथच्या उशिरामुळे जोडीत ५० मिलिसेकंदांची चूक असेल, तर २४ तासांवर ती ०.६ पीपीएम ठरते. १० मिनिटांवर ८३ पीपीएम, म्हणजे निरुपयोगी. प्रत्येक जोडणीत चार-पाच वेळा विचारा आणि सर्वांत कमी वेळात आलेलं उत्तरच धरा.

तपासताना ऑसिलोस्कोपचा प्रोब क्रिस्टलच्या पायाला लावू नका. प्रोबचे १० पिकोफॅरड फ्रिक्वेन्सी हलवतात किंवा ऑसिलेटर थांबवतात. एका पिनवर १ हर्ट्झची पल्स काढा, जीपीएस मॉड्यूलच्या सेकंद-पल्सशी ताडून बघा, आणि हीच चाचणी बोर्ड केसमध्ये बंद करून पुन्हा करा: बॅटरी आणि केसचा धातू जवळ आला की लोड बदलतो.