कागदावर काँट्रॅक्टर, कामात नोकर?
अमेरिकेत काम करताना डब्ल्यू-२ (नोकराच्या पगाराचा वार्षिक कर-फॉर्म) मिळणार की १०९९-एनईसी (काँट्रॅक्टरच्या कमाईचा फॉर्म), हे रुजू होण्याआधीच विचारा. नोकर असाल तर सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) यांचे साधारण ७.६५ टक्के पगारातून कापले जातात, तेवढेच मालक स्वतःच्या खिशातून भरतो. काँट्रॅक्टर ठरलात की दोन्ही वाटे तुमच्याच माथी, म्हणजे निव्वळ कमाईच्या ९२.३५ टक्क्यांवर १५.३ टक्के! करारातल्या शब्दापेक्षा काम कसं करायचं हे कोण ठरवतं, ते जास्त महत्त्वाचं. कामाची वेळ, लॅपटॉप, पद्धत सगळं कंपनीचं आणि तरी १०९९ हातात पडत असेल, तर आयआरएसकडे (अमेरिकेच्या कर खात्याकडे) फॉर्म एसएस-८ भरून तुम्ही नोकर की काँट्रॅक्टर, याचा निर्णय मागा. त्याला फी नाही. उत्तराला महिने लागतात, तोवर रिटर्न मात्र मुदतीत भरा.